मुळ्यावाल्या अल्बमनं ऐकलेला सन्मती मगदूम

इचलकरंजीत नवा हेवी मेटल अल्बम घरी आला, की आधी तो माणसाला ऐकतो आणि माणूस पसंत पडला तरच राहतो. नाही पडला तर आल्या खोक्यात बसून परत जातो. पद्धत जुनी आहे आणि तिच्याबद्दल कुणाची तक्रार नाही. तक्रार असते ती नापसंत झालेल्यांची, आणि त्यांना कोण विचारतं?

सन्मती मगदूमकडे रविवारी दुपारी तीन अल्बम आले. सन्मती बँकेत नोकरीला, पण ती झाली पोटापाण्याची ओळख. खरी ओळख ‘लोखंडी कान’ या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरची. तिथं तो प्रत्येक नव्या अल्बमची अशी चंपी करायचा की वाचणाऱ्याला बँडची दया यावी. बहुतेक वेळा निकाल खोकं उघडण्याआधीच तयार असे. ऐकलं की मत बिघडतं, असं त्याचं म्हणणं होतं.

बायको त्रिशला हिनं बिनकांद्याचे पोहे केले, कारण घर जैनांचं. तिन्ही तबकड्या तिनं दिवाणावर लोडाला टेकवून मांडल्या. एका कव्हरवर कवटी होती, दुसऱ्यावर जळतं जंगल. तिसरं नुसतं काळं, आणि बँडचं नाव वाळलेल्या मुळ्यांचा गुंता व्हावा तसं लिहिलेलं. मुंगीलासुद्धा कागदावर घेऊन बाहेर सोडणारी त्रिशला कवटीकडे बघून एवढंच म्हणाली, “कुणाची म्हणायची ही?”

सन्मतीचा जीव तिसऱ्यात अडकला होता. कॉलेजपासून तो हा अल्बम शोधत होता. मिळाल्याची दवंडी त्यानं ग्रुपवर पिटून टाकलीच होती. कवटीवाला गेला तर जाऊ दे, जंगलवालाही जाऊ दे, पण हा राहायलाच हवा, नाहीतर ग्रुपवर तोंड दाखवायची सोय उरणार नव्हती.

“केस कधी कापलेत?” कवटीवाल्यानं चौकशीला सुरुवात केली. अल्बम शुद्ध बोलतात, कचेरीतल्यासारखं.

“बँकेत ऑडिट होतं तेव्हा.”

“कोणाच्या सांगण्यावरून?”

“माझ्याच मनानं.”

“साहेबांनी सांगितलं म्हणून,” त्रिशलानं पोह्यांवर खोबरं पेरत दुरुस्ती केली.

“आवाज किती ठेवता?” जंगलवाल्यानं विचारलं.

“फुल्ल.”

“हेडफोन लावून,” त्रिशला म्हणाली. सन्मतीनं तिच्याकडे असं पाहिलं की तिनं पोह्यांत लक्ष घातलं.

मग रिवाजाप्रमाणे सन्मती टर्नटेबलशेजारी बसला आणि त्यानं डावा अंगठा सुईखाली धरला. अंगठ्यावरच्या रेषांवरून सुई फिरू लागली आणि स्पीकरमधून सन्मती वाजू लागला. आधी डावा अंगठा, मग उजवा, असा क्रम असतो.

सुरुवात जोरात झाली. आठवडाभर बाथरूममध्ये कोंडून घेऊन केलेल्या डरकाळ्या एकापाठोपाठ एक आल्या. सन्मतीची मान अभिमानानं हलू लागली. पण डरकाळ्या वरच्या वरच होत्या. त्या विरल्या आणि खालून “हो साहेब, करतो साहेब” लागलं. ते बराच वेळ चाललं. मग सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीवरून घातलेली हुज्जत, मग कपडे वाळत घालताना गुणगुणलेलं एक लाडिक सिनेमागीत, तेही आलापीसकट.

“मूळ कल्पना ठीक आहे,” कवटीवाला म्हणाला, “पण सुरुवातीनंतर हा माणूस स्वतःचीच नक्कल करतो.”

“चकचकीत आहे फार,” जंगलवाला म्हणाला. “घासूनपुसून जीव घालवलेला. पुन्हा ऐकावासा वाटणार नाही.”

दोन्ही वाक्यं सन्मतीच्याच पठडीतली होती. ग्रुपवर ती लिहिताना त्याला कधी काही लागलं नव्हतं. आज लागलं, आणि चांगलंच लागलं. दोघेही अल्बम उठून खोक्यात जाऊन बसले. त्रिशलानं रिवाज म्हणून विचारलं, “पोहे तरी घेऊन जावा की.” ते नको म्हणाले.

मुळ्यावाला मात्र जागचा हलला नाही. “उजवा अंगठा राहिला आहे,” तो म्हणाला.

“त्यात काही नाही,” सन्मती म्हणाला. त्या अंगठ्याला त्यानं सकाळीच चिकटपट्टी गुंडाळली होती.

“अर्धवट ऐकून मत देण्याची आमच्यात पद्धत नाही.”

सन्मतीनं चिकटपट्टी काढली. त्याशिवाय अल्बम राहणार नव्हता. सुई टेकली आणि खोली हादरली. घरामागच्या शेडमधले वडिलांचे, म्हणजे बापूंचे, सगळे यंत्रमाग एकदम चालू झाले होते. आडवं सूत नेणारा धोटा इकडून तिकडे आदळत होता, खिडकीची तावदानं थरथरत होती, पोह्यांची बशी सरकत स्टुलाच्या कडेला आली. खडखडाटावर आवाज चढवून बापू कुणाला तरी चहा सांगत होते. मग ट्रकचा आवाज आला, भंगारवाल्याच्या माणसांची “हां, उचल” आली, आणि सगळं थांबलं.

पुढे काहीच नव्हतं. रिकाम्या शेडमध्ये बापू खुर्ची टाकून बसले होते आणि बोलत नव्हते. दारात उभा राहून सन्मतीनं ते न बोलणं ऐकलं होतं. पुढे बापू गेले तेही असेच, न बोलता. सन्मतीला त्या शांततेची भीती वाटायची, अजूनही वाटत होती. मिळेल तो कर्कश बँड त्यानं त्या भीतीपोटीच कानात कोंबला होता, आणि ग्रुपवर त्याला आवड म्हणत आला होता. त्याचे डोळे भरून आले, पण अंगठा त्यानं हलवला नाही.

सुई शेवटापर्यंत गेली आणि आपोआप उचलली गेली.

“यात गाणं नाही, वाद्य नाही,” मुळ्यावाला म्हणाला. “इतकं जड काही मी ऐकलेलं नाही. मी राहतो. पण मी वाजणार नाही. हे रोज ऐकणार.”

“रोज?” सन्मतीचा आवाज चिरकला.

“जमत नसेल तर तसं सांगा. खोक्यात अजून जागा आहे.”

“जमेल,” सन्मती म्हणाला.

तेव्हापासून बँकेतून आल्यावर, दिवस मावळायच्या आत जेवणं उरकली, की तो टर्नटेबलशेजारी बसतो. अल्बम लोडाला टेकून ऐकतो. माग वाजतात तोवर आत भांडी घासणं चालू असतं. पहिल्याच आठवड्यात एकदा माग थांबले आणि भांड्यांचा आवाजही थांबला. त्रिशलानं सासऱ्यांना कधी पाहिलं नव्हतं; ती या घरात आली त्याआधीच ते गेले होते.

“अहो,” तिनं आतून हाक मारली, “आवाज वाढवा की जरा. हितपर्यंत ऐकू येईना झालंय.”

सन्मतीनं डाव्या हातानं बटण पूर्ण फिरवलं. शांतता वाढली, स्वयंपाकघरापर्यंत गेली.

“आता येतंय,” त्रिशला म्हणाली.