कलम नऊ

दामोदरपंतांचा संगणक सकाळी पूजेआधी सुरू केला की पूजा, चहा आणि पेपर उरकेपर्यंत सुरू व्हायचा. त्याबद्दल पंतांची तक्रार नव्हती. तक्रार होती ती तो हल्ली मधेच बंद पडायचा त्याची, कारण त्याच्या पोटात पेण-रोहे ज्ञाती मंडळाची वधू-वर यादी होती आणि पंत त्या यादीचे चिटणीस होते. शाळेतून निवृत्त झाल्यावर वर्ग गेला, पण हे चारशे बारा उपवर मुलगे-मुली हाताखाली राहिले होते. उंची, गोत्र, नाडी, अपेक्षा, सगळं रकान्यांत चोख. यादी ते कोणाला दाखवत मात्र नसत. "गोपनीय आहे," म्हणत. अकरा वर्षांत त्या यादीतून एकही लग्न जमलं नव्हतं, हेही अर्थात गोपनीयच होतं.

"नवा घेऊन टाका," श्यामलाबाई म्हणाल्या.

"संगणक मंडळाचा. खरेदीला सभेचा ठराव लागतो. सभा बोलावली की रोह्याचा कमळाकर उठणार आणि म्हणणार, जमत नसेल तर नोंदणी रोह्याला हलवा. टपलाच आहे तो."

"मग काय आरती करायची याची?"

"दुरुस्तीला ठराव लागत नाही. कलम नऊ!" पंत विजयाने म्हणाले.

दुकानदार मितेशने संगणक पाहून सरळ सांगितलं, "काका, याच्यात पैसे घालू नका. नवीन घ्या." असा दुकानदार शोधून सापडत नाही. पण पंतांनी त्यालाही कलम नऊ ऐकवलं. मग मितेशने रॅम वाढवली. ती रॅम जुन्या मदरबोर्डला चालेना, म्हणून मदरबोर्ड बदलला. नव्या मदरबोर्डाला जुनी डिस्क हळू पडली, म्हणून डिस्क बदलली. मग एवढ्या सगळ्याला डबा पुरेना, आणि नव्या डब्याची पिन जुन्या स्क्रीनला बसेना. महिन्याभरात जुन्यापैकी फक्त श्यामलाबाईंनी साडीचं शिवलेलं कव्हर उरलं.

"म्हणजे नवाच घेतलात की!"

"दुरुस्त केलाय," पंत म्हणाले.

"जुने पार्ट काय करू काका?" मितेशने विचारलं.

"घेऊन जा बाबा. अडगळ नुसती."

त्यानंतर पंत रोज तो संगणक उघडून नुसते बघत बसत. दहा सेकंदांत सुरू व्हायचा. यादी उघडण्याची वेळ मात्र वार्षिक सभेच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी आली, कारण यंदा अध्यक्षांनी ती सभेत दाखवायला सांगितली होती. पंतांनी यादी उघडली आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पहिल्याच मुलीचं नाव डॉलर, दोन कंस आणि एक चौकट असं आलं होतं. गोत्राच्या जागी टक्के होते. अपेक्षांच्या रकान्यात नुसती उद्गारचिन्हं होती.

"जुना फाँट हाय तो, काका," मितेश फोनवर म्हणाला. "त्याच्याशिवाय वाचता यायचं नाय. जुन्या डिस्कमधेच राहिला तो, आता कुठं मिळत पण नाय."

"मग ती डिस्क घेऊन ये!"

"ती कशी आणू? तुमचे सगळे पार्ट जोडून मशीन उभं केलं मी. पंख्यातली धूळ काढली, तर पळायलाच लागलं! दीड महिना झाला, रोह्याला दिलं."

"रोह्याला कोणाला?"

"ते कमळाकरकाका नायत का..."

पंतांनी मिळाली ती एसटी पकडली. आयुष्यभर ज्याच्या दारात पाऊल ठेवलं नाही, त्याच्या दारात उभं राहून "सहज आलो होतो" म्हणताना त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"या, या चिटणीस!" कमळाकरांनी स्वतः खुर्ची पुढे केली. समोरच टेबलावर तो संगणक होता, आणि त्याच्या पडद्यावर चारशे बारा उपवर शुद्ध मराठीत झळकत होते.

"नवीन घेतलाय," कमळाकर म्हणाले. "म्हणजे जुनाच. पण गंमत सांगू? यात मुलामुलींची यादी आधीपासूनच होती! मला वाटलं, कंपनीच घालून देत असेल."

"अस्सं," पंत म्हणाले.

"बसल्या बसल्या चार फोन केले. तीन लग्नं ठरली की हो! मी काय केलं? काहीच नाही. यादीच इतकी नेटकी आहे. कोणी केली असेल हो?"

अकरा वर्षांत त्या रकान्यांचं कौतुक पहिल्यांदाच कोणीतरी करत होतं. 'मी!' हा शब्द पंतांच्या जिभेवर आला. पण 'मी' म्हटलं की मंडळाचा संगणक रोह्याला कसा आला, हे सांगणं आलं, आणि त्यासाठी घटनेत एकही कलम नव्हतं.

"असेल कोणीतरी," ते म्हणाले.

"कोणी का असेना, माणूस गुणी! उद्या सभेत त्याच्या अभिनंदनाचा ठराव मांडतो. अनुमोदन तुम्ही द्या." कमळाकरांचा चेहरा इतका भोळा होता की पंतांना शंका आली. पण शंका बोलून दाखवायचीही सोय नव्हती, आणि डिस्क मागायचीही.

रविवारी पंतांनी त्या अज्ञात माणसाच्या अभिनंदनाला अनुमोदन दिलं. टाळ्या पडल्या. लगोलग नोंदणी रोह्याला हलवण्याचा ठराव आला, त्यालाही त्यांनीच दिलं.