पाच मिनिटांचा कॅमेरा

“बॅगेची चेन उघडल्यापासून क्लिक होईपर्यंत पाच मिनिटं,” शारदामामी म्हणाली. “त्याच्यावर एक सेकंद गेला, तर कॅमेरा हंपीला येणार नाही. फोटो मोबाइलवर काढायचे.”

रंजितानं गजाननमामाकडे पाहिलं. मामानं पंख्याकडे पाहिलं. गेल्या दिवाळीत मांडूला मामा आपला मोठा कॅमेरा लावत राहिला आणि बस निघून गेली. मामीची पर्स, स्वेटर आणि बीपीच्या गोळ्या मामीला मागे ठेवून एकट्याच पुढे फिरून आल्या. तेव्हापासून या विषयावर तोंड उघडायचा हक्क मामानं गमावला होता.

रंजितानं मात्र गमावला नव्हता. उलट, तिला तो नुकताच सापडला होता. वर्षभरापूर्वी ही पोरगी वर्गात हजेरीला ‘प्रेझेंट’सुद्धा बाकाखाली तोंड घालून म्हणायची. मग निवृत्त चित्रकला शिक्षक असलेल्या मामानं तिला आपल्या फिल्मच्या कॅमेऱ्यामागे उभं केलं. एका वेळी फिल्मचं एकच पान, पोस्टकार्डाहून जरा लहान. बाथरूममध्ये अंधार करून तिनं स्वतः धुतलेला पहिला फोटो शाळेच्या प्रदर्शनात लागला, प्रिन्सिपल सर त्याच्यापुढे चांगली चार मिनिटं उभे राहिले, आणि त्या दिवसापासून रंजिताचा आवाज गावाच्या एका टोकाला शनवाऱ्यात निघाला की दुसऱ्या टोकाला लालबागेत पोचू लागला.

“मामी, चॅलेंज मंजूर!” ती म्हणाली. “रविवारी जैनाबादला. घड्याळ तुझ्या हातात.”

आता प्रश्न होता कॅमेऱ्याचा. मामाचा जुना कॅमेरा नऊ किलोंचा. त्याचा दांडा वेगळा, पुढची चौकट वेगळी, मागची वेगळी, मधला घड्याघड्यांचा भाता वेगळा. तो उभा करणं म्हणजे लग्नाचा मांडव घालण्यासारखं. गच्चीवर वेळ लावली, बावीस मिनिटं. तो बाद. मामाचा इंदूरचा मित्र निरंजन यानं दोन नवे कॅमेरे ‘वापरून बघा, पटेल तो ठेवा’ म्हणून पाठवले होते. त्यातला एक प्लास्टिकचा, हलका, हातात धरूनसुद्धा चालणारा. अर्ध्या मिनिटात तयार! पण त्याला भाताच नव्हता, त्यामुळे जवळचं काही नीट दिसेना.

“याला वाकता येत नाही,” मामा म्हणाला. “ज्याला वाकता येत नाही त्याच्यासोबत प्रवास करू नये.”

“मग तुम्ही इतकी वर्षं माझ्यासोबत कसा केला?” मामीनं स्वयंपाकघरातून विचारलं.

उरला तिसरा. धातूचा, घडीचा. भिंग आत ठेवूनच पेटीसारखा मिटायचा. झाकण पाडा, भिंग पुढे ओढा, तिपाईवर बसवा, काळं कापड डोक्यावर घ्या. रंजितानं आठवडाभर सराव केला. अकरा मिनिटं, सात, साडेचार. शनिवारी संध्याकाळी तीन मिनिटं पन्नास सेकंद झाली, तेव्हा ती गच्चीवर अशी नाचली की खालच्या मालूबाईंनी छताकडे पाहून देवाचं नाव घेतलं.

रविवारी सकाळी तिघं तापीपलीकडे जैनाबादला पोचली. रंजितानं जागा हेरूनच ठेवली होती. दोन केळीबागांच्या मधला बांध, बांधाच्या टोकाला नदी आणि नदीपलीकडे किल्ला. जवळ केळीचा लोंबता घड, लांब किल्ल्याच्या भिंती, आणि दोन्ही एकाच फोटोत टाचणीच्या टोकासारखे स्पष्ट!

“सुरू,” मामी म्हणाली आणि तिनं मोबाइलवर बोट टेकवलं.

चेन उघडली. तिपाई उभी राहिली. झाकण पडलं, भिंग पुढे आलं, कापड फडफडलं. रंजिताचे हात असे चालले की मामाला टाळी वाजवायचा मोह झाला. घड जवळ असल्यामुळे फिल्मपासून भिंग किती लांब गेलं ते मोजायचं होतं, कारण त्या हिशेबानं उजेड जास्त द्यावा लागतो. मामानं खिशातून स्टीलचा टेप काढला आणि ओरडला, “दोनशे दहा मिलिमीटर!”

“लिहिलं!” रंजिता ओरडली. “मामा, आता बांधावर जाऊन उभे राहा, मला माणूस पाहिजे. अजून डावीकडे. अजून दोन फूट डावीकडे!”

“डावीकडे काऊन?” केळीच्या पानांतून आवाज आला.

मागोमाग देवराम बाहेर आला. डावीकडची बाग त्याची. त्यानं तिपाई पाहिली, टेप पाहिला, बांधावर उभा केलेला माणूस पाहिला.

“मोजणी करू राहिले, अन् मला खबर नाही? दोन फूट डावीकडे? ते माझं आहे ना बाई!”

“बरोबर सांगू राहिली पोरगी!” उजव्या बागेतून सुकलाल उगवला. या बांधावरून दोघं अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, त्यामुळे तो देवरामकडे न पाहता कॅमेऱ्याशी बोलला. “मॅडम, तुम्ही घ्या अजून दोन फूट. बिलकुल घाबरू नका.”

“काका, ही मोजणी नाही, हा कॅमेरा आहे!”

“आजकल सगळं कॅमेऱ्यानंच मोजतात,” देवराम म्हणाला. “मागच्या साली तर उडता कॅमेरा आला होता.”

“मामी, जरा थांबव ना घड्याळ!”

“चालू आहे,” मामी म्हणाली.

रंजितानं घाईनं हात हलवला. “मामा, चुकलं, थोडं उजवीकडे या!”

“उजवीकडे?” सुकलालचा आवाज फाटला. “सरू! ए सरू! चहा आण लवकर, साहेब लोक आलेत!”

सुकलालची बायको सरुबाई चहा घेऊन आली. ते पाहून देवरामनं केळीचा अख्खा घड तोडून मामीच्या पायाशी ठेवला. त्यावर सुकलालनं दोन घड ठेवले. देवरामनं घरून शेव मागवली. फोटोत यायचा होता तो घडही या चढाओढीत केव्हा तोडला गेला, ते रंजिताला भिंगातून पाहिल्यावर कळलं.

इथे मामानं तोंड बंद ठेवलं असतं तर अजूनही काही बिघडलं नव्हतं. पण समोर दोन माणसं काही विचारताहेत आणि आपल्याला त्याचं उत्तर येतंय, असा योग आला की मामाच्या अंगात अख्खी शाळा भरायची.

“या, या, स्वतः बघा!” तो बांधावरून धावत आला. “घाला डोकं कापडात. घाबरू नका.”

“मामा, नको!” रंजिता कळवळली.

देवराम कापडात शिरला. बराच वेळ नुसते पाय दिसत राहिले. मग आतून किंकाळी आली.

“माझी पाण्याच्या मोटारीची खोली सुकलालकडे गेली!”

“अगदी बरोबर!” मामा आनंदानं म्हणाला. “भिंगातून आलं की सगळं पालटतं. वरचं खाली, डावीकडचं उजवीकडे.”

“म्हणजे आता माझं शेत त्याचं?”

“वा! तुम्हाला लगेच समजलं!”

सुकलालनं देवरामला बाहेर ओढलं आणि स्वतः आत घुसला. कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर त्याची बाग देवरामच्या बाजूला गेली होती, आणि वर उलटी लटकत होती. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता.

“देवराम,” तो म्हणाला. अकरा वर्षांनी. “तुझ्याकडचं पाणी खारं आहे ना रे?”

“अन् तुझी अर्धी जमीन पुराला जाते,” देवराम म्हणाला. “मला नको ती.”

“मला तरी कुठं पाहिजे तुझी?”

 मग दोघं खांद्याला खांदा लावून मामीसमोर येऊन उभे राहिले, कारण इतका वेळ न बोलता घड्याळ बघणारी बाई हीच सगळ्यांत मोठी साहेब असणार, याबद्दल दोघांचं एकमत होतं.

“मॅडम, आमची काही तक्रार नाही. बांध आहे तिथंच बरोबर आहे. लिहून घ्या.”

मामीनं खरंच लिहून घेतलं. पर्समधली डायरी काढली, ‘बांध आहे तिथंच’ असं सुवाच्य अक्षरात लिहिलं, दोघांच्या सह्या घेतल्या, आणि साक्षीदार म्हणून सरुबाईची पण घेतली. सरुबाई म्हणाली, “अकरा सालापासून मी हेच सांगू राहिली!”

तोडलेल्या घडाच्या जागी आता देवराम आणि सुकलाल बांधावर उभे राहिले, एकाच्या खांद्यावर दुसऱ्याचा हात. मागे तापी, त्यामागे किल्ला. रंजितानं फिल्म चढवली, श्वास रोखला.

क्लिक.

“एक तास पस्तीस मिनिटं चाळीस सेकंद,” मामी म्हणाली.

रंजिताचे डोळे भरून आले. फोटो काय सुंदर आला होता, तिला न धुताही कळत होतं! पण शब्द म्हणजे शब्द. तिनं मुकाट्यानं भिंग आत ढकललं आणि कॅमेरा मिटला.

पुलाकडे चालताना मामीच पुन्हा बोलली.

“कॅमेरा उभा राहायला तीन मिनिटं चाळीस सेकंद लागले. ते मी वेगळे टिपलेत. उरलेली एक तास बत्तीस मिनिटं कोणी खाल्ली, ते माझ्या डोळ्यांदेखत झालंय. कॅमेरा हंपीला येणार. रंजितापण येणार.” ती थांबली. “यांचं अजून ठरलेलं नाही.”

“अगं, पण मी काय केलं?” मामा म्हणाला.

 तेवढ्यात समोरून येणारा दूधवाला सायकलवरून उतरला आणि मामाच्या हातातल्या मिटलेल्या कॅमेऱ्याच्या चकचकीत धातूच्या डब्याकडे निरखून बघू लागला.

“बाबूजी, काय आहे हो यात?”

मामा थांबला. त्याचे डोळे चमकले. छाती भरली, उजवा हात समजावून सांगण्यासाठी आपोआप वर गेला, ओठ विलग झाले. मामीचं बोट मोबाइलवर जाऊन थांबलं. रंजितानं डोळे मिटून घेतले.

मामानं अख्खं व्याख्यान एका आवंढ्यात गिळलं.

“पोळ्या,” तो म्हणाला आणि चालू लागला.