पुढची गाडी एमएच चौदा

ऐक, मध्ये बोलू नकोस, नाहीतर मी परत पहिल्यापासून सांगेन. आपली चिखलीची स्नेहल चार वर्षं दक्षिणेत, समुद्राजवळच्या त्या कॉलेजच्या गावात इंजिनीअरिंगला होती. चार वर्षांत तिचे आबा, म्हणजे सोपानराव, एकदाही तिकडे फिरकले नाहीत. कधी जमिनीची मोजणी निघायची, कधी भावकीतलं लग्न. या वेळी मात्र तिला वर्षातली सर्वोत्तम विद्यार्थिनी म्हणून स्टेजवर बक्षीस होतं, दुपारी चारला. तिने फोनवर सरळ सांगितलं, "आबा, आता नाही आलात तर मी पण घरी येणार नाही."

मग आले. काळी मोठी गाडी, पांढरी टोपी, काळा गॉगल, शेजारी तिची आई सुभद्राबाई आणि त्यांच्या मांडीवर धपाट्यांचा डबा.

स्नेहलने यादी केली होती, वेळेसकट. सकाळी देऊळ, मग केळ्याचे बन मिळतात ते हॉटेल, मग दीपगृह, मग हाडांचं म्युझियम, मग ती टेकडी जिथे पहिल्या वर्षी ती घरच्या आठवणीने रडत बसायची. टेकडी तिला आबांना दाखवायचीच होती. कुणाला बोलली नव्हती ती हे.

देऊळ झालं. बन खायला निघाले आणि आबांनी करकचून ब्रेक मारला. पुढे एक पांढरी गाडी चालली होती. नंबर एमएच चौदा.

"आपल्याकडची गाडी हाय," आबा म्हणाले.

स्नेहल म्हणाली, असेल, आपलं बनचं हॉटेल डावीकडे आहे. आबा उजवीकडे वळले. इतक्या लांब आपल्याकडचा माणूस दिसतो आणि रामराम न करता जायचं, हे त्यांना कसं जमावं? त्यांनी लाइट मारले, हॉर्न दिला, हात बाहेर काढून जोरजोरात हलवला. पुढच्याने वेग वाढवला. आबांना तो अपमान वाटला. त्यांनीही वाढवला.

आता गाव ते केवढं, सगळं एकाच रस्त्यावर. दीपगृह डावीकडून गेलं. "आई, ते बघ म्युझियम," स्नेहल म्हणेपर्यंत म्युझियम मागे. टेकडी तर अशी गेली की सुभद्राबाईंना वाटलं, स्पीडब्रेकर होता. स्नेहलच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं, रागाचं. यादी हातात, आणि यादीतली प्रत्येक गोष्ट खिडकीतून पळत होती.

पुढच्या चौकात पोलिसांनी आडवा बांबू टाकला होता. पांढऱ्या गाडीला जाऊ दिलं आणि आबांना उतरवलं.

ठाण्यात इन्स्पेक्टर मोडक्या हिंदीत विचारायला लागला, स्क्रॅपसाठी आलात का? आबांना काही कळेना. मग उलगडा झाला. पांढऱ्या गाडीतला माणूस चाकणच्या एका कंपनीतला मोठा साहेब. तिकडे स्क्रॅपच्या कॉन्ट्रॅक्टवरून त्याला महिनाभर धमक्यांचे फोन येत होते. आरशात त्याला काळी गाडी दिसली, टोपी, गॉगल, हलणारा हात, आणि वर एमएच चौदा. त्याला वाटलं, आली ही लोकं इथपर्यंत, आणि त्याने पोलिसांना फोन लावला.

आबा जे पेटले! साताजन्मात कुणाचा खिळा उचलला न्हाई, आमी माळकरी माणसं, आणि ह्यो आमाला भंगारवाला म्हणतो? सुभद्राबाई म्हणाल्या, "अवो, गप बसा, पोरीचं चारला हाय." त्यांनी इन्स्पेक्टरपुढे धपाट्यांचा डबा उघडला. डबा अर्धा झाला तरी चौकशी संपेना. शेवटी साडेतीनला स्नेहलने कार्यक्रमाची पत्रिका पुढे केली, हे बघा माझं नाव. इन्स्पेक्टरने पत्रिका वाचली, स्नेहलकडे पाहिलं आणि गालात हसला. तिच्या नावावर ठेवलेलं आपलं बोट त्याने दोन ओळी वर सरकवलं.

प्रमुख पाहुणे: निरंजन साहेब. चाकण. तक्रारदार तोच. आणि जूनपासून स्नेहल नोकरीला लागणार होती, ती त्याच्याच कंपनीत.

इन्स्पेक्टरने सोडलं तसे धावत हॉलमध्ये पोचले. आबा, आई तिसऱ्या रांगेत. निरंजन साहेब भाषणाला उभे राहिले आणि पहिलंच वाक्य, की आज तुमच्या सुंदर गावात टोपीवाल्या गुंडाने माझा पाठलाग केला. सगळा हॉल हळहळला. स्नेहलने स्टेजवरून बघितलं, तर जो माणूस कलेक्टरसमोरसुद्धा टोपी काढत नाही, त्याने ती हळूच काढली आणि मांडीखाली सारली.

मग तिचं नाव पुकारलं. साहेबांनी ढाल दिली, हातातला कागद वाचला, आणि चेहरा असा फुलला त्यांचा. माइकवरच मराठीत म्हणाले, "अगं, तू चिखलीची? मी शेजारी मोशीला राहतो. इतक्या लांब आपल्याकडचं माणूस! आईवडील आलेत ना? बोलाव त्यांना वर."

आबा खाली बसून नुसती मान हलवत होते, न्हाई, न्हाई. आणि शेजारी सुभद्राबाई पदर सावरत उभ्यासुद्धा राहिल्या होत्या, उरलेला डबा घेऊन. चार वर्षं जे आले नाहीत म्हणून ती रडली, ते आज आले होते, आणि माइक तिच्या तोंडापुढे.

आता बोल. तिच्या जागी तू काय केलं असतंस?