आठ वाजून दहा मिनिटांनी येणारा कारागीर

एका जंगलात, मुलांनो, दुरुस्तीचे कोणतेही काम ठरल्या दिवशी होत नसे, आणि तरीही तेथे सर्वजण सुखाने राहत असत. हे तुम्हाला अशक्य वाटेल. म्हणूनच ते सांगण्याजोगे आहे.

त्या जंगलात अंतोबा नावाचा एक सुतारपक्षी होता. झाडांच्या खोडांत ढोल्या कोरणे आणि जुन्या ढोल्यांची दारे नीट करणे हा त्याचा व्यवसाय. त्याच्या हाताला, म्हणजे चोचीला, तोड नव्हती. त्याने कोरलेल्या ढोलीत पाणी शिरत नसे, वारा शिरत नसे आणि साप शिरलाच तर त्याला वळता येत नसे.

अंतोबाला एकच गोष्ट जमत नसे. त्याला 'नाही' म्हणता येत नसे. कोणीही काम घेऊन आले, की तो म्हणे, "उद्या येतो."

तो उद्या येत नसे. हे साऱ्या जंगलाला ठाऊक होते. त्या दोन शब्दांचा अर्थ कसा लावायचा, हे तिथली पिल्ले उडायच्या आधी शिकत. मान ताठ ठेवून "उद्या येतो" म्हटले, तर चार दिवसांनी. दुसऱ्याच झाडाकडे पाहत म्हटले, तर पुढच्या पंधरवड्यात. नखाने मान खाजवत म्हटले, तर दुसरे कोणीतरी पाहा. आणि तो नुसता "बघू" म्हणाला, तर मात्र घर आवरून ठेवायचे; कारण दुसऱ्या दिवशी उजाडताच तो दारात हजर असे.

अशा रीतीने अंतोबा रोज खोटे बोले आणि कोणाचीही फसवणूक होत नसे.

त्रास व्हायचा तो अंतोबालाच. काम रंगात आले, की खालून हाक येई, "अंतोबा, आमचं कधी?" मग चोच थांबे, ताल चुके आणि दाराची कड वाकडी जाई.

एके दिवशी तिथे एक कोल्हा आला. तो शेजारच्या जंगलातून आला होता आणि तिथे त्याचे काय चालले होते, हे तो सांगत नसे. सध्या तो संवादसल्लागार होता.

"अंतोबा," कोल्हा म्हणाला, "तुमची चोच ठोकण्यासाठी आहे की बोलण्यासाठी?"

"ठोकण्यासाठी."

"मग बोलण्याचं काम आमच्या यंत्राला द्या. कृत्रिम बुद्धिमत्तेचं उत्तरयंत्र आहे. कोणी काही विचारलं, की क्षणात उत्तर. तेही नम्र."

कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणजे काय, हे कोल्ह्याने सांगितले नाही. अंतोबाने विचारलेही नाही. विचारले असते, तर आपल्याला ते ठाऊक नाही हे उघड झाले असते. मोठी माणसेही अशा वेळी असेच वागतात.

कोल्ह्याने ते यंत्र चार दिवस अंतोबाशेजारच्या फांदीवर टांगून ठेवले. "ते तुमचं ऐकून ऐकून शिकेल," तो म्हणाला. यंत्राने चार दिवस ऐकले. ते ऐकत होते, मुलांनो, पाहत नव्हते. त्यामुळे "उद्या येतो" हे शब्द ते पक्के शिकले; मान कुठे होती, हे त्याला कळायला मार्ग नव्हता. "बघू" हा शब्दही त्याने ऐकला, पण तो संदिग्ध आणि ग्राहकांचा विश्वास कमी करणारा आहे, असे ठरवून त्याने तो गाळून टाकला.

पाचव्या दिवशी यंत्र पाणवठ्यावरच्या जांभळीला लटकले.

पहिली ग्राहक आली ती मथुराबाई धनेशीण. धनेशीण अंडी घालण्यापूर्वी ढोलीत शिरते, दार चिखलाने लिंपून घेते आणि जेमतेम चोच बाहेर निघेल एवढी फट ठेवते. पुढे महिनोन्‌महिने धनेश तिला त्या फटीतून भरवतो. तेव्हा ढोली हवी ती प्रशस्तच. मथुराबाईंची जुनी ढोली तळाशी सडली होती. नवी हवी होती आणि अंडी चार दिवसांवर आली होती.

"ऐनाच्या झाडात ढोली कोरायची आहे. कधी येणार?" तिने विचारले.

"नमस्कार, आदरणीय मथुराबाई. आपली चौकशी आमच्यासाठी मोलाची आहे. आमचे कारागीर उद्या सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी आपल्याकडे येतील."

मथुराबाई जुनीजाणती होती. तिने विचारले, "हे म्हणताना त्यांची मान कुठे होती?"

"क्षमस्व. मला मान नाही. मी आपल्याला आणखी काही मदत करू शकतो का?"

मथुराबाई विचारात पडली. जंगलात घड्याळ नव्हते. तरीही आठावर दहा मिनिटे कोणी उगाच लावत नाही, असे तिला वाटले. नुसते आठ म्हटले असते, तर तिने विश्वास ठेवला नसता.

ती घरी गेली आणि जुनी ढोली तिने पिंगळ्याच्या कुटुंबाला देऊन टाकली. तळ सडका असला तरी त्यांना चालणार होता.

दुसऱ्या दिवशी कोणी आले नाही. यंत्र म्हणाले, "झालेल्या विलंबाबद्दल आम्ही मनःपूर्वक दिलगीर आहोत. उद्या आठ वाजून दहा मिनिटांनी."

अंतोबाने जन्मात कधी दिलगिरी व्यक्त केली नव्हती. म्हणजे कारभार खरोखर सुधारला आहे, असे मथुराबाईने धनेशाला समजावले. तिसऱ्या दिवशीही यंत्र दिलगीर झाले. या वेळी अधिक मनःपूर्वक.

इकडे अंतोबा फार आनंदात होता. खालून हाक येत नव्हती. यंत्र रोज संध्याकाळी कळवत असे, "आज चौकशा एकेचाळीस. समाधानी ग्राहक एकेचाळीस." सगळेच समाधानी आहेत म्हणजे कोणाचे काही अडलेले नाही, असा त्याने अर्थ काढला आणि तो आपल्याच ढोलीच्या भिंती गुळगुळीत करत बसला. ही ढोली त्याने बारा वर्षे आतून वाढवत नेली होती. दार तेवढे सुतारपक्ष्याच्या मापाचे होते. त्याची बायको सगुणा ती ढोली येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत असे.

चौथ्या दिवशी दुपारी मथुराबाई तिथे येऊन बसली. फांदी वाकली.

"अंतोबा, मी तुमचं काय वाईट केलं?"

"का हो? समाधानी नाही का तुम्ही?"

"जुनं घर देऊन बसले. नवं झालं नाही. उद्या अंडी घालायची ती काय फांदीवर?"

"पण मी तर तुम्हाला काहीच म्हणालो नव्हतो."

"तेच तर. तुम्ही म्हणाला असता, तर मी राहतं घर सोडलं असतं का?"

ऐनाचे लाकूड कठीण. तीन दिवसांच्या आत ढोली होणे शक्य नव्हते. अंतोबाने मथुराबाईकडे पाहिले, मग स्वतःच्या ढोलीकडे पाहिले. आतली जागा धनेशिणीला पुरण्यासारखी होती. दार मोठे करायला एक दुपार लागली असती.

"बघू," तो म्हणाला आणि त्याच क्षणी कामाला लागला. बघूचा एवढा झटपट अर्थ त्या जंगलात पूर्वी कधी कोणी पाहिला नव्हता.

सगुणा परतली तेव्हा दाराची जागा तिप्पट झाली होती आणि मथुराबाई आतून चिखल लिंपत होती.

"अहो, हे काय?"

"त्यांचं अडलं होतं."

"आणि आपलं?"

फटीतून आवाज आला, "सगुणाबाई, भिंती फार सुरेख आहेत हो."

"आहेतच," सगुणा म्हणाली.

अंतोबा पाणवठ्यावर गेला. यंत्रासमोर रांग होती. "बाबांनो, याचं ऐकू नका," तो म्हणाला. "मी एकटा. एकेचाळीस ठिकाणी आठ-दहाला कसा पोचणार?"

"अंतोबा, आवाज जरा खाली," रांगेतला साळिंदर म्हणाला. "ते किती नम्रपणे बोलतंय बघा. तुम्ही आम्हाला कधी आदरणीय म्हणालात?"

"नाही."

"मग?"

अंतोबाला उत्तर सुचले नाही. यंत्राला सुचले असते.

त्या संध्याकाळी अंतोबा आणि सगुणा उघड्या फांदीवर बसले होते.

"काळजी करू नको," अंतोबा म्हणाला. "नवी ढोली करू आपण. उद्याच घेतो."

सगुणा उडाली. थोड्या वेळाने परतली ती निश्चिंत होऊन.

"कुठं गेली होतीस?"

"विचारून आले. उद्या सकाळी आठ-दहाला कारागीर येतोय."

"अगं, कारागीर म्हणजे मीच."

"असाल. पण त्यानं वेळ दिलीय. बारा वर्षांत तुम्ही दिलीत का कधी?"

"ते सगळ्यांना तीच वेळ देतं."

"सगळ्यांना देतं म्हणजे पद्धत आहे. तुमचं काही सांगू नका."

दुसऱ्या दिवशी सगुणा पंख नीट करून फांदीच्या टोकाला बसली. शेजारी अंतोबा. ऊन वर आले. सगुणाने मान लांब करून वाटेकडे पाहिले.

काही वेळाने अंतोबानेही पाहिले.

तात्पर्य : खोटे आश्वासन द्यावयाचेच असेल, तर ते स्वतःच्या तोंडाने द्यावे. त्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, आणि त्यामुळे कोणाचे नुकसानही होत नाही.