पन्नास सह्यांचा कागद

वाचनालय वाचवायचं तर शनिवारपर्यंत पन्नास सह्या हव्या होत्या. नगरपालिकेच्या कचेरीने लिफाफ्यातून दोन पिवळे छापील कागद पाठवले होते. ग्रंथपालांनी त्यातला हाताला लागला तो उचलला, कारण समोर टीव्हीवर वाचनसंस्कृतीवरची चर्चा नेमकी भांडणावर आली होती.

दुसऱ्या दिवशी ते दारोदार फिरले. शिंप्याने सुईत दोरा ओवता ओवता सही ठोकली.

"वाच तरी एकदा," ग्रंथपाल म्हणाले.

"काका, तुम्ही आणलंय म्हणजे चांगलंच असणार. वाचन म्हणजे समाजाचा कणा."

कणा कालच्या चर्चेतला होता. डॉक्टरीणबाईंनीही सही करताना कणाच म्हटलं. मुख्याध्यापकांनी कण्यावर पाच मिनिटं घेतली, सही केली आणि विचारलं, "पण हे वाचनालय आहे कुठे?" शाळेची आणि वाचनालयाची भिंत एकच होती. ग्रंथपालांनी कपाळाला हात लावला, पण सह्या पन्नास झाल्या होत्या.

शनिवारी कचेरीतल्या कारकूनबाईंनी कागदावर शिक्का मारला आणि मग, काय बुद्धी झाली कोण जाणे, तो वाचला.

"अहो, हा तर वाचनालय बंद करायला संमती देणारा आहे. चालू ठेवायचा दुसरा होता. तुम्ही वाचला नव्हता?"

तीस वर्षं ग्रंथपाल लोकांना वाचा, वाचा म्हणून सांगत आले होते.

"आता काय करायचं, बाई?"

"सही करणाऱ्यांनी सोमवारी येऊन चूक झाली म्हणावं. दहा जण आले तरी पुरे."

दहाच तर माणसं. ग्रंथपालांना धीर आला. रविवारी सकाळीच त्यांनी शिंप्याचं दार वाजवलं आणि सगळं सांगितलं.

"पण काका, बंदच झालेलं बरं," शिंपी म्हणाला. "काल बातम्यांत दाखवलं ना. रहिवाशांचीच तशी मागणी आहे म्हणे."

"अरे, रहिवासी म्हणजे तूच."

"तेच तर म्हणतोय मी."

डॉक्टरीणबाईंनाही रहिवाशांचं म्हणणं पटलं होतं. मुख्याध्यापक म्हणाले, "लोकभावनेपुढे आपण कोण?" संध्याकाळपर्यंत चपला झिजल्या आणि दहातला एकही मिळाला नाही. जिन्यात ग्रंथपालांना चक्क रडू आलं. पुस्तकांना कोण विचारणार, आणि उद्यापासून आपल्याला तरी कोण विचारणार?

घरात बायको टीव्हीसमोरून हलली नाही.

"लवकर या. तुमचा फोटो दाखवतायत. तुम्हीच पुढाकार घेतलात म्हणे. मला बोलला नाहीत ते."

"अगं, मी कशाला वाचनालय बंद करीन?"

"तेच आता सांगणार आहेत. जाहिराती संपू देत."

पन्नास माणसं एकीकडे, बातम्याही तिकडेच, त्यावर कचेरीचा शिक्का. मग आपण एकटेच तेवढे बरोबर कसे? ग्रंथपाल खुर्ची ओढून बसले. जाहिराती संपल्या, तसा त्यांनी आवाज थोडा मोठा केला.