दवाखान्यातली बासरी

माणूस दाताच्या डॉक्टरकडे यायला घाबरतो तो दुखण्याला नव्हे, तिथल्या आवाजाला! डॉक्टरांचा हा लाडका सिद्धांत. त्यासाठीच त्यांनी बोटानं चालणारा प्लेअर आणला होता. त्या काळी असली वस्तू म्हणजे अप्रूपच! बटणं नाहीत, नुसती काच! तो ठेवला आत खुर्चीशेजारी आणि वायर नेली बाहेरच्या बाकांवरच्या स्पीकरला.

"बघशील तू," ते काउंटरवरच्या बायकोला म्हणाले, "बासरी ऐकत माणसं दात काढत दात काढून घेतील!"

"अहो, पण चालवता येतो का तुम्हाला?"

"त्यात काय यायचंय? बोट लावायचं!"

बाहेर पाचजण गाल धरून बसले होते. आत खुर्चीत पोस्टमन. हिरडी बधिर, तोंडात कापूस. डॉक्टरांनी हातमोज्यासकट काचेवर बोट टेकवलं. ढिम्म! जरा दाबलं. ढिम्म! मग मात्र दाढ उपटायच्या ताकदीनं रेटलं. पडदा सटकन सरकला आणि बाहेरचा स्पीकर गरजला,

"आई गं! मेलो! सोडा मला! पाया पडतो!"

आवाज खुद्द डॉक्टरांचा! आठवड्यापूर्वी पलीकडच्या गल्लीतल्या दंतवैद्यानं त्यांची अक्कलदाढ काढली, तेव्हा सोबत गेलेल्या बायकोनं गंमत म्हणून ते सगळं पिशवीतल्या याच प्लेअरवर गुपचूप टिपून ठेवलं होतं!

बाकावरचा जाडजूड ठेकेदार ताडकन उठला. "अरे, पोस्टमन डॉक्टरांना मारतोय! चला!"

दार धाडकन उघडलं. ठेकेदारानं पोस्टमनची मानगूट धरली, दोघांनी पाय धरले.

"अं अं ऊं!" पोस्टमन म्हणाला.

"शिव्या देतोस?"

"सोडा त्याला! मी ठणठणीत आहे!" डॉक्टर ओरडले. त्याच वेळी बाहेरून त्यांचाच आवाज आला, "वाचवा!"

सगळे जागच्या जागी थिजले. ठेकेदार एकदा डॉक्टरांकडे बघे, एकदा दाराकडे. डॉक्टर घामाघूम होऊन काचेवर पाची बोटं बडवत होते. त्यानं आवाज तेवढा वाढला! स्पीकरमधून दुसराच कुणी शांतपणे म्हणाला, "झालं, निघाली दाढ. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. उगीच बोंबललात!"

बायकोनं धावत येऊन वायर उपटली आणि पदर तोंडाला लावून सगळं कबूल केलं. असा हशा पिकला की आरशाची काच थरथरली! डॉक्टरही कसंनुसं हसले. चला, निदान माणसांची भीती तरी गेली!

"डॉक्टर," डोळे पुसत ठेकेदार म्हणाला, "ते दोन मिनिटंवाले कुठं बसतात हो?"

खुर्चीतल्या पोस्टमननं खुणेनंच कागद-पेन्सिल मागितली. गावातले सगळे पत्ते त्याला तोंडपाठ! पिनकोडसकट त्यानं भराभर पाच चिठ्ठ्या लिहून पाचजणांच्या हातात दिल्या.

मग सहावी लिहिली, घडी घातली आणि स्वतःच्या खिशात टाकून खुर्चीतून उतरला.