दारव्ह्याचं नेत्रशिबिर

रंजिता राठोडचे दोन्ही हात ज्वारीच्या पिठात होते, तव्यावर भाकर फुगली होती आणि यवतमाळची एसटी फाट्यावर यायची वेळ झाली होती. तरीही ती मोठमोठ्याने बोलत होती. बोलणं चाललं होतं ओट्यावरच्या मोबाइलशी.

विधान परिषदेच्या आमदार वर्षाताईंच्या यवतमाळच्या कार्यालयात रंजिता कामाला होती. दर आठवड्याला 'ताईंची खबरबात' नावाचा मेसेज तयार करून गावोगावच्या ग्रुपवर टाकायचा, हे तिचं मुख्य काम. कुठे दाखल्यांचा कॅम्प, कुठलं रोहित्र दुरुस्त झालं, कुठल्या वाचनालयाला पुस्तकं मिळाली, असं सगळं त्यात असायचं. आपण बोललो की मोबाइल आपोआप लिहितो, हा शोध तिला नुकताच लागला होता. तेव्हापासून निम्मी खबरबात भाकरीसोबतच थापली जायची.

आजची बातमी मात्र घरची होती. तिचे सासरे हवालदार खेमसिंग राठोड फौजेतून निवृत्त होऊन बोरी अरबजवळच्या तांड्यावर शेती करत होते आणि तालुक्यातल्या माजी सैनिकांची कामंही बघत होते. म्हाताऱ्या सैनिकांचे आणि त्यांच्या बायकांचे डोळे फुकट तपासून मिळावेत म्हणून त्यांनी दोन वर्षं ताईंच्या मागे तगादा लावला होता. शेवटी यवतमाळच्या एका धर्मादाय दवाखान्याच्या डॉक्टर समीक्षा यायला तयार झाल्या. पण त्यांनी बजावलं होतं, "मागच्या शिबिराला डॉक्टर जास्त आणि पेशंट कमी होते. या वेळी तसं झालं, तर पुन्हा विचारू नका."

म्हणून रंजिता अगदी स्पष्ट बोलली, "शनिवारी सकाळी दारव्हा येथे माजी सैनिक व कुटुंबीय यांना मोफत नेत्रतपासणी व चष्मे. स्थळ मंगल कार्यालय."

तेवढ्यात भाकर करपली. रंजिताने एका हाताने भाकर उलटली, दुसऱ्या हाताच्या करंगळीने मेसेज पाठवला आणि चपला अडकवून फाट्याकडे धावली.

एसटीत बसायला जागा मिळाल्यावर तिने सवडीने मोबाइल उघडला. मेसेज असा गेला होता:

'शनिवारी सकाळी दारू हवी ते माजी सैनिक व कुटुंबीय यांना मोफत. नेत्र तपासणी व चष्मे. स्थळ मंगल कार्यालय. आपली नम्र, वर्षाताई.'

रंजिता इतक्या जोरात ओरडली की ड्रायव्हरने ब्रेक दाबला.

तिने मेसेज पुसून टाकला, पण तोवर तो तिच्या हातात राहिला नव्हता. लोकांनी त्याचे फोटो काढून पुढे पाठवले होते आणि पुढच्यांनी आणखी पुढे. अख्ख्या तालुक्यात कुठल्याही रस्त्याची, कुठल्याही योजनेची बातमी एवढ्या वेगाने कधी गेली नव्हती.

मग तिने घाईघाईने दुरुस्ती पाठवली. या वेळी बोटांनी टाइप करून, दोनदा वाचून: 'आधीच्या मेसेजमध्ये दारू या ठिकाणी दारव्हा असे वाचावे.'

लगेच एकाचं उत्तर आलं, "बरं झालं सांगतलं. आमी कवापासून इचारून राह्यलो, दारूचं ठिकाण कोनतं म्हनून."

दुसऱ्याने विचारलं, "पन डोये कायले तपासतेत?"

तिसरा जाणकार निघाला. "मिलिटरीत तसंच असते भाऊ. पह्यले तपासतेत, मंग देतेत."

दुपारी बोरी अरबच्या भागीरथाबाईंचा फोन आला. त्या दारूबंदीच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. त्यांचा आवाज पोचायला फोनची तशी गरज नसायची.

"काव पोरी, तुह्या आमदारीनबाईले काही लाजबिज हाय का नाही? आमी गावची दारू बंद कराले मरून राह्यलो अन् तुमी मंगल कार्यालयात वाटता?"

"काकू, तसं नाही. ते दारव्हा होतं, मोबाइलनं दारू लिहिलं..."

"मोबाइल पेते का दारू? शनिवारी आमी साऱ्या जनी येतो. लाटनं घेऊन."

संध्याकाळी मुंबईहून खुद्द वर्षाताईंचा फोन आला. "रंजिता, रद्द केलं तर लोक म्हणतील दारू संपली. नाही केलं तर म्हणतील ताईंनी दारू वाटली. मी काय करू, तूच सांग."

रंजिताच्या डोळ्यांत पाणी आलं. "ताई, चूक माझी आहे."

"ते मला माहीत आहे. आता तू आणि तुझे सासरे मिळून निस्तरा. मी शनिवारी येते. आल्यावर मला एकही माणूस झिंगलेला दिसता कामा नये."

घरी पोचल्यावर तिने खाली मान घालून सासऱ्यांना सगळं सांगितलं. खेमसिंग अंगणातल्या बाजेवर बसून बुटांना पॉलिश करत होते. शिबिरासाठी चार दिवस आधीपासूनच त्यांची तयारी चालली होती. ऐकता ऐकता ब्रश थांबला.

"बापू, दोन वर्षांची तुमची मेहनत मी पाण्यात घातली."

"पान्यात नाही, दारूत," खेमसिंग म्हणाले. "लोक किती येतीन?"

"गंज येतीन, बापू. जत्राच भरते."

"अन् डॉक्टरीनबाईले गर्दीच पायजे होती ना?" त्यांनी ब्रश पुन्हा चालू केला. "मंग येऊ दे. आल्यावर मी पाहतो."

शनिवारी सकाळी मंगल कार्यालयासमोर खरंच जत्रा भरली. दुचाक्या, ऑटो, एक ट्रॅक्टर. तालुक्यात इतके माजी सैनिक असतील याची लष्करालाही कल्पना नसावी. कुणी मुलाची एनसीसीची टोपी घातली होती, कुणी भावाचा खाकी शर्ट. महागावहून आलेला संजय नावाचा एक तरुण तर कारगिलला गेलो होतो म्हणून सांगत होता. त्याचं वय पाहता तो तिथे पाळण्यातूनच गेला असावा.

फाटकात खेमसिंग उभे होते. कडक इस्त्रीचा गणवेश, छातीवर पदकं, डोक्यावर तिरकी टोपी. शेजारी टेबलावर रंजिता नावं लिहून घेत होती.

पहिलाच माणूस पुढे आला. बोरी अरबचे रामराव.

"कोनती रेजिमेंट?" खेमसिंगनी विचारलं.

"रेजिमेंट म्हन्जे... ग्रामरक्षक दल."

"पोस्टिंग?"

"गनपतीच्या मंडपात."

"शाबास. रांगेत उभं राह्य."

रामराव चकित झाले. मागच्यांनाही धीर आला. बघता बघता साठ-सत्तर जणांची रांग लागली. सगळे आत आल्यावर खेमसिंगनी फाटकाला कडी घातली आणि असा आवाज लावला की छपरावरची कबुतरं उडाली.

"सावधान!"

रांग दचकून ताठ झाली.

"माजी सैनिक हा ना तुमी? मंग हुकमाबिगर कोनी हलाचं नाही. एक एक करून डॉक्टरीनबाईपाशी जाचं, फळ्यावरचे अक्षरं वाचाचे, थेंब टाकून घ्याचे. चाला!"

दोघातिघांना काहीतरी संशय आला. ते हळूच मागच्या दाराकडे सरकले. दार उघडलं तर बाहेर भागीरथाबाई आणि त्यांच्या पंधरा-वीस जणी, प्रत्येकीच्या हातात लाटणं. ते लगेच परत येऊन सावधान उभे राहिले.

भागीरथाबाई तावातावाने आत शिरल्या. बाटल्या शोधायला त्यांनी टेबलाखाली पाहिलं, खोकी उघडली. खोक्यांत चष्म्याच्या फ्रेमा आणि डोळ्यांचं औषध. त्या गोंधळून वळल्या आणि रांगेत त्यांना स्वतःचा नवरा दिसला.

"अवं! तुमी कवा गेलते मिलिटरीत?"

रामराव समोर बघत, न हलता म्हणाले, "तू माहेरी गेलती तवा."

अख्खं कार्यालय हशाने भरून गेलं. भागीरथाबाईंनी लाटणं उगारलं, पण हसू त्यांनाही आवरेना. डॉक्टर समीक्षांनी तेवढ्यात रामरावांना खुर्चीत बसवलं आणि त्यांच्या डोळ्यात बॅटरी मारली.

"काका, तुमच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू चांगलाच पिकलाय. कधीपासून दिसत नाही?"

"दिसते ना. थोडं धुकं असते."

"उन्हाळ्यात पण?"

भागीरथाबाईंचं लाटणं खाली आलं. "मंग काल बैलाच्या जागी माह्या पाठीवर थाप मारली ती यापाईच का?" त्यांनी विचारलं, आणि मग हळू आवाजात, "बाई, आपरेशन होते ना यांचं?"

"होईल. फुकट होईल."

भागीरथाबाई लाटणं टेबलावर ठेवून रांगेच्या व्यवस्थेला लागल्या. थोड्या वेळाने त्यांच्या सगळ्या जणीही रांगेत उभ्या होत्या.

वर्षाताई आल्या तेव्हा शिस्तीत उभी असलेली ती भली मोठी रांग पाहून त्या भारावल्याच. माइक हातात घेऊन म्हणाल्या, "एवढे वीर एका तालुक्यात! मला आज अभिमान वाटतो!" संजयने कडक सलाम ठोकला. रंजिताने जमिनीकडे पाहत ओठ आवळले.

डॉक्टर समीक्षा खूश होत्या. असं शिबिर त्यांनी पाहिलं नव्हतं. खूश नव्हते ते फक्त खेमसिंग. दिवसभर त्यांची नजर फाटकाकडे लागली होती आणि आता ते टोपी काढून पायरीवर बसले होते.

"काय झालं, बापू?" रंजिताने जवळ जाऊन विचारलं.

"माह्ये साथी कोठी हायत? ज्यांच्यासाठी केलं त्यातला एक नाही आला. भावसिंग नाही, बादल नाही, कोनीच नाही."

त्यांनी भावसिंगना फोन लावला. पलीकडून दबका आवाज आला.

"हवालदार, कसा येऊ? लालीनं तुमचा मेसेज वाचला अन् मले घरात कोंडून कुलूप लावलं. बादलचंही तसंच. साऱ्यांच्या बायकांनी एका दिवशी कुलपं लावली."

खेमसिंगनी फोन खाली घेतला आणि सुनेकडे पाहिलं. तिला वाटलं, आता मात्र रागावणार. पण म्हाताऱ्याचे खांदे हलायला लागले. हसून हसून त्यांची पदकं वाजली.

रंजिताने डॉक्टरांना गाठलं आणि काहीही न लपवता सांगितलं. समीक्षाबाईंनी बॅटरी खिशात ठेवली. "म्हणजे आज मी एकही सैनिक तपासला नाही?"

"एकही नाही."

"मग चला. गाडी आहेच. आपणच त्यांच्याकडे जाऊ."

दिवस कलताना दवाखान्याची गाडी तांड्यावर भावसिंगच्या दारात उभी राहिली. खिडकीच्या गजाआड भावसिंग पूर्ण गणवेशात बसले होते, सकाळपासून. लालीबाई ओट्यावर किल्ली कमरेला खोचून बसल्या होत्या. रंजिताने त्यांच्या पायाशी बसून दारव्हा आणि दारूची सगळी हकिकत सांगितली, मोबाइल दाखवला, कान पकडले.

लालीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग उठून कुलूप उघडलं. "आधी माह्ये डोये पाहा. सुईत धागा जात नाही. यांचे मंग पाह्यजा, हे कोठी पयून जात नाहीत."

घराघरांतली कुलपं उघडली. अंगणात बाज टाकून तपासणी सुरू झाली. एकेक सैनिक आपापल्या बायकोच्या मागे उभा राहिला.

भावसिंगची पाळी यायला वेळ होता. त्यांनी खेमसिंगना हळूच गोठ्याकडे नेलं, इकडेतिकडे पाहिलं आणि कानाशी लागून विचारलं, "हवालदार, आपल्या दोघांतच राहीन. तपासल्यावर खरंच काही नाही देत?"

"चष्मा देतेत."

भावसिंगनी गणवेशाची कॉलर नीट केली आणि एक लांब श्वास सोडला. "बरं," ते म्हणाले, "चष्मा तं चष्मा," आणि रांगेत जाऊन सावधान उभे राहिले.